शालेय पोषण आहार : तांदळाचा अंदाज कोण बांधतो?



शालेय पोषण आहाराची बातमी आपल्या ग्रुपवर दोनच वेळा फिरते. एकदा खिचडीत अळ्या सापडल्या म्हणजे, आणि दुसऱ्यांदा कुठल्याशा गावात दलित बाईने शिजवलेला भात सवर्णांच्या पोरांनी नाकारला म्हणजे. दोन्ही वेळा आपण संतापतो, तहसीलदारांना निवेदन देतो, फोटो टाकतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. पण वर्षातले उरलेले दोनशे-सव्वादोनशे दिवस त्या पातेल्यात किती तांदूळ पडायचा, किती डाळ पडायची, हे कोण आणि कशाच्या आधारावर ठरवते, हा प्रश्न आपल्या एकाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्ही पाहिलेला नाही. हिशेबाचे काम रटाळ आहे, हे खरे. पण या देशात आपल्या लोकांच्या पोटावर जे जे निर्णय झाले, ते भाषणात कमी आणि हिशेबाच्या कागदावर जास्त झाले. म्हणून आज थोडा इतिहास सांगायचा आहे, आणि तो पातेल्याच्या बाजूने सांगायचा आहे.

सुरुवात १८७६-७७ च्या दुष्काळापासून करू. त्या वेळी सरकारपुढे प्रश्न होता की दुष्काळी कामावरच्या मजुराला जगायला दिवसाला किती धान्य लागते. व्हाइसरॉय लिटनने मद्रास इलाख्यात पाठवलेल्या रिचर्ड टेम्पलने उत्तर काढले : एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख रक्कम. म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी धान्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला, एवढ्या अन्नावर माणूस काम करत जगू शकत नाही असे सांगितले. मुंबई इलाख्यात हे माप लागू झाले तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पहा, अन्नाच्या अंदाजाविरुद्ध झालेला तो संपच होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही. टेम्पलचे माप ठरवताना तिजोरीवरचा भार मोजला गेला, मजुराची भूक मोजली गेली नाही. ही पद्धत इंग्रजांबरोबर जहाजात बसून परत गेली, असे समजू नका.

त्याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई काय करत होते? सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि दुष्काळग्रस्तांच्या मुलांना तिथे रोज जेवू घातले. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात दुष्काळाच्या कामात होत्या, तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. शाळा काढणाऱ्या माणसांनीच पोरांच्या जेवणाचीही सोय लावली, यात योगायोग नाही. उपाशी पोराला बाराखडी लागत नाही, हे त्यांना १८४८ पासूनच्या शाळांनी शिकवलेले होते. पुढे शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. वसतिगृह म्हणजे काय? चार भिंती, आणि महिन्याला किती पोती ज्वारी लागेल याचा हिशेब. आपल्या चळवळीतल्या वसतिगृह चालवणाऱ्या माणसांनी हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे, उधारी करून केलेला आहे. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही, आपण तो विसरलो आहोत इतकेच.

शाळेतल्या जेवणाची पहिली मोठी नोंद मात्र मद्रासची आहे. १९२० मध्ये, जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी मद्रास कॉर्पोरेशनचे अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातल्या कॉर्पोरेशन शाळेत मुलांना खायला द्यायचा ठराव झाला. अट अशी की एका मुलामागे दिवसाला एका आण्यापेक्षा जास्त खर्च होता कामा नये. ब्राह्मणेतर पक्षाची सत्ता आली आणि गरिबांच्या शाळेत चूल पेटली, हा संबंध लक्षात ठेवा. शाळेत मुले वाढली, योजना आणखी काही शाळांत गेली. मग सरकारी आक्षेप आला की प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करता येणार नाही. १९२५ मध्ये योजना काही काळ बंद पडली आणि मुलांची संख्या लगेच घसरली. नंतर ती पुन्हा सुरू करावी लागली. आज शंभर वर्षांनी तामिळनाडू सरकार प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी देते, ती योजना २०२२ मध्ये सुरू झाली. पण १९२५ चा तो आक्षेप आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. जेवण म्हणजे शिक्षण नव्हे, सबब त्याचा पैसा वेगळ्या डब्यातून आणा. हेच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत आपण पुढे अनेकदा ऐकणार आहोत.

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपले तरुण महाडचा सत्याग्रह सांगतात तेव्हा २० मार्च १९२७ ही तारीख सांगतात, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब बोलले होते. ते भाषण मिळवून वाचा. त्यात घोषणा नाहीत, आकडे आहेत. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून, म्हणजे दारूवरच्या करातून, माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी मांडून दाखवले. प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांतली जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात, हेही दाखवले. हा माणूस १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध करून बसलेला होता. अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ कोणाच्या घरात जाते आणि कोणाच्या घरातून येते, हे त्यांना कळत होते. चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेणारा हात आणि विधिमंडळात दरडोई आणे मोजणारा हात एकच होता. आपण पहिल्या हाताची मिरवणूक काढली. दुसऱ्याकडे पाहिले नाही.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा भरभर पार करू. १९५६ मध्ये कामराज यांनी मद्रास राज्यात शाळांत दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर नेले, तेव्हा दिल्लीतल्या अर्थतज्ज्ञांनी उधळपट्टी म्हणून नाके मुरडली. महाराष्ट्रात ७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या घरात सुकडी आणि मिलो हे शब्द अजून निघतात. तुमच्या आजीला विचारा. ती मदत होती, आली तर आली. तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पहिल्या वर्षी २,४०८ विकास गटांत. कागदावर शिजवलेले जेवण होते. बहुतेक राज्यांनी शिजवले नाही, महिन्याला मुलामागे ३ किलो धान्य वाटले. आमच्यातल्या अनेकांनी ती पिशवी उचललेली आहे. महिन्याअखेरीला दप्तरात घडी करून नेलेली पिशवी, ओळ, वजनकाटा, आणि 'तुझी हजेरी भरत नाही' हे गुरुजींचे वाक्य. कारण अट होती ८० टक्के हजेरीची. आता विचार करा, ८० टक्के हजेरी कोणाची भरणार? ज्याचे आईबाप गावातच राहतात त्याची. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या कुटुंबाच्या पोराची भरणार नाही. म्हणजे ज्याला धान्याची सगळ्यात जास्त गरज, तो अटीनेच बाहेर. कोणी जात विचारली नाही, तरी बाहेर राहिलेल्यांची यादी काढली असती तर ती कोणत्या वस्त्यांमधली निघाली असती, हे आम्ही सांगायला नको.

२००१ साली काय परिस्थिती होती? देशाच्या सरकारी गोदामांत ६ कोटी टनांच्या आसपास धान्य पडून होते, उघड्यावर सडत होते, आणि राजस्थानात दुष्काळात माणसे उपाशी होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला : प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान २०० दिवस. २० एप्रिल २००४ च्या आदेशात आणखी एक ओळ आली, जी आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवी. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. त्याच आदेशाने शिजवण्याचा खर्च मुलांकडून वसूल करायला बंदी घातली. त्याच वर्षी केंद्राने स्वयंपाकासाठी मुलामागे दिवसाला १ रुपया द्यायला सुरुवात केली. मद्रासच्या एका आण्यापासून एका रुपयापर्यंत यायला ८४ वर्षे लागली.

इथून पुढे गोष्ट अंदाजाची आहे. २००९ मध्ये माप ठरले, ते साधारण आजही तेच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. आता एक शाळा धरा. पाचवीपर्यंत ६० मुले, आठवीपर्यंत आणखी ४०. दिवसाचा तांदूळ १२ किलो. डाळ २ किलो ४०० ग्रॅम, भाजी ६ किलो, तेल ६०० ग्रॅम. महिन्यात २२ दिवस शाळा भरली तर तांदूळ २६४ किलो. नियमाप्रमाणे महिनाभराचा साठा शाळेत शिल्लक हवा. इतके सोपे गणित आहे, सातवीतले पोर करील.

मग अडते कुठे? अडते 'मुले' या शब्दावर. पटावरची मुले, हजर असलेली मुले आणि जेवणारी मुले हे तीन वेगळे आकडे आहेत. वार्षिक आराखडा दिल्लीला जातो तो मागच्या वर्षी सरासरी किती मुले जेवली या आकड्यावर. वरवर पाहता यात चूक काही नाही. पट १०० आणि जेवणारे ८० असतील तर १०० चा तांदूळ कशाला पाठवायचा? पण मागच्या वर्षी ८०च का जेवली, हे तो आकडा सांगत नाही. पुरवठादाराने डाळ वेळेवर टाकली नाही आणि पंधरा दिवस चूल बंद राहिली असेल, तर त्या पंधरा दिवसांची भूक सरासरीत 'कमी मागणी' म्हणून जमा होते. आणि त्या कमी मागणीवर पुढच्या वर्षीचा तांदूळ ठरतो. मागच्या वर्षीची उपासमार पुढच्या वर्षाची गरज म्हणून लिहिली जाते. टेम्पलला एवढे हुशार तंत्र सुचले नव्हते.

दुसरे उदाहरण ऊसतोडीचे घ्या. बीड, जालना, अहिल्यानगर, नाशिकच्या काही भागांत दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात. जी कुटुंबे जातात त्यांत आपले बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, आदिवासी असे सगळे आहेत. मुले आईबापांबरोबर कोपीवर जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावच्या शाळेच्या सरासरीत ती घट दिसते, त्या प्रमाणात तांदूळ कमी होतो. आणि कारखान्याच्या आवारातल्या कोपीवर त्यांच्या वाट्याचा तांदूळ पोचतो का? हंगामी वसतिगृहे आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, कागद बरेच आहेत. पण तांदळाचा अंदाज शाळेवर बांधला जातो, पोरावर बांधला जात नाही. पोर चालत जाते, तांदूळ चालत जात नाही. ही मुले परत येतात तेव्हा शाळेत ८० चा साठा आणि ९५ तोंडे. बाई काय करणार? पाणी वाढवणार. ओळीत शेवटी कोण उभे असते, हे आम्ही ज्या शाळांत शिकलो तिथले तरी आम्हाला नीट आठवते.

तिसरी बाजूही लपवून चालणार नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेची २००९-१० ते २०१३-१४ ची तपासणी केली. २०१५ च्या त्या अहवालात जेवणाऱ्या मुलांचे आकडे फुगवून दाखवले जातात, आणि हे सर्रास चालते, असा ठपका आहे. म्हणजे काही ठिकाणी भुकेले पोर मोजले जात नाही आणि काही ठिकाणी नसलेले पोर जेवून जाते. काही मंडळी म्हणतात, असे आकडे आपण काढले तर योजनेचे शत्रू त्याचा फायदा घेतील. आम्हाला हे पटत नाही. कागदावरच्या खोट्या पोराने खाल्लेला तांदूळ खऱ्या पोराच्या ताटातूनच गेलेला असतो. चोरी झाकून योजना वाचत नाही.

आणि जेवणारी मुले हा आकडा जातीनेही हलतो. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांचा २००५ चा अभ्यास वाचा, पाच राज्यांतल्या ५३१ गावांच्या पाहणीवर तो आधारलेला आहे. राजस्थानात दलित स्वयंपाकी नावापुरते सापडले. जेवण जिथे शिजते ती जागा बहुतेक गावांत सवर्ण वस्तीत. वेगळी पंगत, दलित पोराला कमी वाढणे, दलित बाईला नेमायला विरोध, हे सगळे त्यात नोंदलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सूखीढांगच्या शाळेत सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे नाकारले, तिला नेमणुकीतली त्रुटी दाखवून काढण्यात आले. मग दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचे नाकारले. पोरांनी दिलेले ते उत्तर देशभर गेले आणि त्या बाईंना कामावर परत घ्यावे लागले. आमच्याच एका बैठकीत मराठवाड्यातल्या एका ताईंनी सांगितले की कागदावर त्या स्वयंपाकी आहेत, प्रत्यक्षात त्यांना फक्त भांडी घासायला ठेवले आहे, पळीला हात लावू देत नाहीत. हे असे चालते तिथे काही मुले डबा आणतात, काही उपाशी घरी पळतात. दिवसाच्या अॅपवर संख्या कमी भरली जाते. शिवाशिवीमुळे घटलेली संख्या आणि आजारपणामुळे घटलेली संख्या, दोन्ही त्या रकान्यात सारख्याच दिसतात.

त्या ताईंच्या मानधनाचाही अंदाज सरकारने एकदाच बांधला. २००९ मध्ये केंद्राने महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातल्या १० महिन्यांचे. केंद्राचा तो आकडा पुढे वाढला नाही, राज्यांनी आपापल्या तिजोरीतून भर घातली. डाळ-भाजी-तेल-इंधनाचा दर तरी महागाई निर्देशांक पाहून अधूनमधून वाढतो. १ मे २०२५ पासून तो प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. आपल्या १०० मुलांच्या शाळेला दिवसाचे ८१३ रुपये ६० पैसे. यात वर सांगितलेली डाळ, ६ किलो भाजी, तेल, मीठ-मसाला आणि गॅस बसवायचा. आजच्या बाजारातले भाव लावून एकदा घरी हिशेब करून पहा. आणि हेही लक्षात घ्या की एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२२, म्हणजे करोना आणि त्यानंतरच्या महागाईची अडीच वर्षे, हा दर जागचा हलला नव्हता.

स्वस्तात बसवायचे म्हटले की काय होते, ते बिहारने पाहिले. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत जेवण करून २३ मुले मेली. तेलात कीटकनाशक होते. धान्य-तेल ठेवायला सुरक्षित जागा असणे हाही खरेदीच्या नियोजनाचाच भाग असतो. ज्या शाळेत स्वयंपाकघर आणि कोठार नाही तिथे पोती कुठे ठेवायची, हा प्रश्न आराखड्यात विचारला गेलाच पाहिजे.

आता अंड्याकडे येऊ, कारण महाराष्ट्रात नियोजनाचे राजकारण सगळ्यात उघड झाले ते अंड्यावर. ७ नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरले, न खाणाऱ्याला केळे. दर धरला अंड्याला ५ रुपये. हिवाळ्यात अंड्याचा भाव चढतो हे गावातल्या टपरीवाल्यालाही ठाऊक असते, पण अंदाज बांधणाऱ्याने वर्षभराला एकच भाव धरला. फरक कोणी भरायचा? मुख्याध्यापकाने. म्हणजे कुठे अंडे अर्धे झाले, कुठे आठवडा चुकला. मग धार्मिक भावना दुखावल्याची ओरड झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्याचा निधीच काढून घेतला, द्यायचे असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. तामिळनाडूत आठवड्याचे पाचही दिवस अंडे मिळते आणि आपल्याकडे आठवड्याचे एक अंडे वर्गणीवर. ज्या गावात आपले लोक मजुरी करतात त्या गावात वर्गणी कोण देणार, आणि देणारा काय खायला घालू देणार? १९२५ च्या मद्रासमधला आक्षेपच पुन्हा आला : हा पैसा या डब्यातून नाही. गायीचे दूध सात्त्विक आणि कोंबडीचे अंडे अपवित्र, हा आहारशास्त्राचा निष्कर्ष नाही. ज्यांच्या घरात दूध-तूप रोजचे आहे त्यांनी ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांच्या ताटातून सगळ्यात स्वस्त प्रथिन काढून घेतले, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला लागतो.

आपल्यातलेही काही ज्येष्ठ म्हणतात की बाबासाहेबांनी आम्हाला शासनकर्ती जमात व्हा सांगितले, तुम्ही पोरांना खिचडीसाठी भांडायला काय शिकवता? त्यांचा मान राखून आम्ही विचारतो, शासनकर्ती जमात करते काय? अंदाजपत्रक करते. किती तांदूळ कुठल्या शाळेत जाईल हे ठरवणाऱ्या टेबलावर आपण नसू, तर खुर्चीवर आपला एखादा माणूस बसून फरक पडणार नाही. आणि पंगतीचा प्रश्न म्हणाल तर तो महाडचाच प्रश्न आहे. त्या तळ्याचे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनीच स्पष्ट केले होते. तिथे समतेचा पाया घालायचा होता. शाळेच्या व्हरांड्यातल्या एका ओळीत, आपल्या बाईच्या हातचे, सगळ्यांनी बसून खाणे याला आम्ही खिचडीचे भांडण म्हणत नाही.

काय करता येईल ते थोडक्यात. कायदा आपल्या बाजूने आहे, वापरला जात नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ ने हे जेवण हक्क केले. २०१५ च्या नियमांत म्हटले आहे की कुठल्याही शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही तर मुलाला धान्य आणि स्वयंपाकाच्या खर्चाइतका अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागेल. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकले तर राज्याने जबाबदारी निश्चित केली पाहिजे. तुमच्या तालुक्यात गेल्या वर्षी चूल किती दिवस बंद होती आणि भत्ता किती मुलांना मिळाला, याचा माहिती अधिकारात अर्ज करा. आमच्या अनुभवात पहिले उत्तर 'निरंक' येते. मग साठा नोंदवही मागा, रोजच्या लाभार्थ्यांची नोंद मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ज्या दिवशी नोंदवहीत तांदूळ शून्य आहे आणि अॅपवर ७० मुले जेवली आहेत, तो दिवस लाल पेनाने खुणा करा. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतले पालक आहेत का पहा. बहुतेक ठिकाणी असतात, सहीपुरते. त्यांना मागणीपत्र वाचायला शिकवणे हे एका रविवारचे काम आहे. स्वयंपाकी नेमताना २००४ च्या आदेशाची प्रत अर्जाला जोडा.

शिक्षकांशी भांडू नका, एवढी एक विनंती. बहुतेक मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भाजी आणून नंतर बिलासाठी हेलपाटे घालतात. त्यांना या मोजणीत सोबत घेतले तर तेच आकडे आणून देतात.

आणि ऊसतोडीच्या गावात काम करणाऱ्यांनी दिवाळीनंतर शाळेत जाऊन हजेरीपटावरून किती नावे गळाली, ती कुठल्या कारखान्यावर गेली, एवढे वहीत लिहून ठेवावे. उन्हाळ्याच्या आधी पुढच्या वर्षाचा आराखडा तालुक्यावरून जिल्ह्याला जातो. त्या वेळी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला ही वही हातात असली पाहिजे.